इतर अधिकारांचा रकाना

ढाणकी म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. तालुका उमरखेड. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या पलीकडं आणि पैनगंगा ओलांडली की लगेच नांदेड जिल्हा; म्हणून दुखणं नांदेडला न्यायचं आणि निवेदन यवतमाळला, अशी इथली जुनी वाटणी. नगरपंचायत झाल्यापासून कागदोपत्री हे शहर आहे. कापूस, सोयाबीन, हळद, थोडा ऊस ही इथली पिकं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण या मुलखात आणखी एक पीक निघतं, ज्याची ई-पीक पाहणीत नोंद होत नाही. ते म्हणजे काळजीपूर्वक वाचन. हे ऐकून पहिल्यांदा ढाणकीतलाच माणूस हसेल, कारण गावात पुस्तकं वाचणारे किती हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण पुस्तकांचा विषय काढलाय कोणी? मी सातबाऱ्याबद्दल बोलतोय.

सातबारा हातात पडल्यावर वावराचा धनी काय करतो ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. आधी चष्मा पुसतो. मग गट नंबर. मग क्षेत्र, जे हेक्टर-आरमध्ये असतं आणि ज्याचे तो मनातल्या मनात एकर करतो. त्यातून पोटखराब वजा करतो, सामाईक खातेदारांची नावं बोट ठेवून मोजतो, आणि बेरीज दोन आर कमी आली तर फेरफार क्रमांक शोधायला लागतो. एखाद्या पुतण्याच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ दिसलं तर तो पुतण्या त्या साली खरंच अज्ञान होता का, हे बहात्तरच्या दुष्काळापासून वर्षं मोजून ठरवतो. भोगवटादार वर्ग एक की दोन ते बघतो. खालच्या बारा नंबरात कपाशी लिहिलीय की सोयाबीन, आणि त्या साली आपण काय पेरलं होतं, याचा ताळा घेतो. सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, ‘इतर अधिकार’ या रकान्यावर येतो. कारण बँकेचा बोजा, बहिणींचे हक्क, विहिरीतला भावाचा हिस्सा अशी सगळी भुतं त्याच पिंपळावर राहतात. या संपूर्ण वाचनात तो एकदाही ‘हा उतारा वाचून मला काय वाटलं’ असं म्हणत नाही. काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कशाच्या आधारानं लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय, एवढंच बघतो. वाटायचं ते नंतर, तहसीलच्या पायऱ्या उतरताना.

आता याच माणसाच्या हातात धर्मग्रंथ द्या. कुठलाही द्या. गीता असेल तर ती लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात जाते आणि तिथं तिला हात लावायचा तो दसऱ्याला. बायबल असेल तर ते उशाशी जातं, आणि उघडायचंच झालं तर डोळे मिटून, मधेच कुठंतरी, बोट पडेल ती ओळ आजच्या दिवसाची. डोळे मिटून सातबारा वाचणारा माणूस मी तरी कल्पनेतही पाहू शकत नाही. वचनपेटी नावाची एक सोयही असते: छोट्या डबीत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, सकाळी एक काढायची. डबीत आशीर्वादाच्याच चिठ्ठ्या असतात हे सांगायला नको. ज्या पुस्तकात संदेष्ट्यांनी पानंच्या पानं राजांना आणि सावकारांना फैलावर घेतलंय, त्या पुस्तकातून सावकाराला सकाळी सकाळी त्याचीच चिठ्ठी निघाली असं कधी होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बायबलचा काळजीपूर्वक, पुराव्यावरून निष्कर्षाकडं जाणारा अभ्यास ही बाहेरून शिकून यायची विद्या नाही. ती ढाणकीतल्या कुठल्याही घरात, लोखंडी पेटीत, रेशन कार्डाच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली आहे. फक्त ती त्या पिशवीतून काढून या पुस्तकाला लावायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

या पद्धतीला नाव मात्र भारदस्त आहे. डी.एड. झालेल्यांना ‘उद्‌गामी आणि अवगामी’ हा प्रश्न आठवत असेल, पाच गुणांचा. त्यातली ही उद्‌गामी. आधी उदाहरणं, मग नियम. बायबलला ती लावण्याचा मोठा उद्योग अमेरिकेत झाला. विल्बर्ट व्हाइट या गृहस्थांनी १९०० साली त्यासाठी शाळाच काढली, आणि त्याच परंपरेतल्या रॉबर्ट ट्रेना यांचं ‘मेथॉडिकल बायबल स्टडी’ हे पुस्तक १९५२ साली आलं. निरीक्षण, अर्थ आणि मग आचरण, अशी तिची तीन पावलं. पहिल्या पावलावर जितका जास्त वेळ थांबाल तितकं बरं. हे वाचून आपल्याकडच्या एखाद्या शास्त्र्याला जांभई आली असती. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायचं तर त्याचा आरंभ आणि शेवट बघा, पुन्हा पुन्हा काय आलंय ते बघा, नवीन काय सांगितलंय, फळ काय, नुसती स्तुती कुठली आणि युक्तिवाद कुठला ते वेगळं करा, असा नियम मीमांसकांनी कधीच घालून ठेवलाय. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’च्या सुरुवातीलाच हा गज हातात घेतला आणि मग भल्याभल्या आचार्यांच्या भाष्यांची मोजणी केली. तेव्हा बायबलवाल्यांना ‘हे खूळ परदेशी आहे’ म्हणता येणार नाही आणि गीतावाल्यांना ‘हे त्यांचं आहे’ म्हणता येणार नाही. दोघांचीही पंचाईत.

खरी अडचण सुरू झाली ती आकड्यांमुळं. बायबलच्या मूळ लेखकांनी अध्याय पाडले नव्हते, ओव्यांसारखे क्रमांक तर नव्हतेच. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी केली असं मानतात. नव्या करारातल्या वचनांना आजचे क्रमांक दिले ते रॉबर्ट एस्तिएन या फ्रेंच मुद्रकानं, १५५१ साली. हे काम त्यानं प्रवासात घोड्यावर बसून केलं अशी आख्यायिका आहे, आणि काही ठिकाणी वाक्य ज्या जागी तुटलंय ते बघता घोडा तिथं ठेचकाळला असावा अशी टवाळी अभ्यासक आजही करतात. क्रमांक सोयीचे झाले यात वाद नाही. पण कुठल्याही जमिनीला पोटहिस्से पडले की पुढं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पंधरा एकरांचं वावर चौथ्या पिढीत अशा पट्ट्यांत वाटलं जातं की बैलजोडी वळवायची तर शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून. जमिनीसाठी सरकारनं १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला. शास्त्रवचनांना तो लागू नसल्यामुळं तिथं वाटण्या बिनबोभाट चालू आहेत.

नमुन्यादाखल तीन तुकडे बघा. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन: तुमच्याविषयीचे माझे बेत हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि भविष्य द्यायचं आहे, अशा अर्थाचं. बारावीच्या निकालाला, नोकरीच्या मुलाखतीला, दुकानाच्या उद्घाटनाला हे वचन हमखास भेट मिळतं. त्याच्या लगेच वर, दहाव्या वचनात, हे सगळं सत्तर वर्षांनंतर होईल असं लिहिलंय. हे बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना धाडलेलं पत्र आहे; त्यांना आधी सांगितलंय की लवकर परत यायची आशा सोडा, तिथंच घरं बांधा, बागा लावा, पोरापोरींची लग्नं करा. बारावीच्या पोराला हे पत्र पूर्ण वाचून दाखवलं तर तो पेढे परत करील. दुसरा तुकडा फिलिप्पैकरांच्या पत्रातला: सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो, अशा अर्थाचा. हा खेळाडूंच्या बनियनवर शोभतो. आधीच्या ओळीत पत्र लिहिणारा पौल काय करू शकतो ते आलंय: पोटभर मिळालं तरी राहू शकतो आणि उपाशीही राहू शकतो. बंदिवासातून लिहितोय बिचारा. सामना जिंकण्याचा विषय कुठं नाही. हरल्यावर घरी कसं जायचं याचा मात्र आहे. तिसरा, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, प्रीतीवरचा, जो लग्नात वाचतात. तो नवरा-बायकोसाठी लिहिलेलाच नाही. मंडळीत मोठा कोण यावरून जुंपलेल्या लोकांना लिहिलाय, आणि दोनच अध्याय आधी तक्रार आहे की तुमच्या पंगतीत एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र असतो. पंगतीचा उल्लेख लक्षात घेता लग्नात वाचायला तो अगदीच गैरलागू आहे असंही म्हणवत नाही.

सुट्या तुकड्याचा सगळ्यात सफाईदार वापर बायबलमध्येच नोंदवलेला आहे, आणि तो करणारा सैतान आहे. मत्तय आणि लूक दोघंही सांगतात की त्यानं येशूला मंदिराच्या शिखरावर नेलं आणि म्हणाला, टाक उडी, देवदूत तुला झेलतील असं शास्त्रात लिहिलंय. लिहिलंय हे खरं. स्तोत्र एक्क्याण्णव, अकरा आणि बारा. आता तेरावं वचन बघा. तिथं सर्पाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. सैतानानं नेमकं त्याच्या आधी थांबावं यात नवल नाही; आपल्या बोज्याची नोंद असलेलं पान झेरॉक्स काढताना कोण देतं?

निरीक्षणाचा दुसरा फायदा असा की कागदावर नसलेल्या पण वहिवाटीनं घुसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. नाताळच्या देखाव्यात तीन राजे असतात: एक गोरा, एक सावळा, एकाच्या दाढीचा कापूस गळतोय. मत्तयात राजे नाहीत, ज्ञानी लोक आहेत, आणि ते तीन आहेत असं कुठंही नाही. भेटी तीन आहेत, म्हणून माणसं तीन. या हिशेबानं आपल्या लग्नात एकच मिक्सर आला तर पाहुणाही एकच आला म्हणायचं. शिवाय ते गोठ्यात येतच नाहीत, घरात येतात. सरायवाला, जो शाळेच्या नाटकात सगळ्यात खणखणीत आवाजाच्या मुलाला देतात, लुकात नाही. मरिया ज्या गाढवावर बसते ते गाढव नाही. एदेन बागेत सफरचंद नाही, नुसतं फळ आहे. योनाला गिळणारा देवमासा नाही, मोठा मासा आहे. दमिष्काच्या वाटेवर पौल ज्या घोड्यावरून पडतो तो घोडा चित्रकारांचा. उलट एक गोष्ट लिहिलेली आहे आणि आपण ती पुसून टाकलीय: बाळाला गव्हाणीत ठेवलं. देखाव्यात त्या जागी पाळणा दिसतो, मऊ गवत, वर चांदणी. ज्याच्या घरी बैल आहे त्याला गव्हाण म्हणजे काय हे चांगलं ठाऊक असतं: शेण, माश्या, उरलेलं कडब्याचं खोड, आणि वरून बैलाचा श्वास. लुकाला जे म्हणायचं होतं ते ढाणकीच्या गोठ्यात जास्त स्पष्ट ऐकू येतं.

म्हणून आता उतारा घेऊन प्रत्यक्षच बसू. रूथचं पुस्तक घेतो, कारण ते लहान आहे, चार अध्याय, पंच्याऐंशी वचनं, आणि त्यात शेती आहे. पहिल्याच ओळीत दुष्काळ. बेथलेहेमचा अलीमलेख बायको आणि दोन पोरं घेऊन मवाब देशात जगायला जातो. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचं घर; म्हणजे भाकरीच्या घरात भाकर संपली म्हणून माणूस बाहेर पडतो. पुसद-उमरखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांना याचं भाष्य लागणार नाही. तिकडं तो मरतो, पोरं तिथल्या मुलींशी लग्न करतात, दहाएक वर्षांत पोरंही मरतात, आणि म्हातारी नामी एका सुनेला, रूथला, घेऊन परत येते. पहिला अध्याय संपताना लेखक सांगतो की त्या आल्या तेव्हा जवाची कापणी सुरू होत होती. शहरातला वाचक ही ओळ हवामानाची बातमी समजून पुढं जातो. वावरातला माणूस थांबतो, कारण ही ओळ म्हणजे त्या दोघींची रोजगार हमी आहे. कापणी म्हणजे मजुरी, आणि मजुरी नाही तर निदान सरवा.

रूथ सरवा वेचायला जाते. कापणाऱ्यांच्या मागं पडलेली कणसं गरिबांना, विधवांना आणि परक्यांना सोडावीत असा तिथला कायदा होता. संध्याकाळी ती झोडपून बघते तर एफाभर जव, म्हणजे वीस लिटरांच्या वरचं माप. आता सरवा वेचलेल्या कोणालाही विचारा, एका दिवसात एवढं? काहीतरी गडबड आहे. काळजीपूर्वक वाचणारा इथं मागं जातो आणि सोळाव्या वचनात सापडतं: वावराचा धनी बवाज यानं गड्यांना गुपचूप सांगून ठेवलंय की पेंढ्यांतली कणसं मुद्दाम खाली पाडत जा. प्रेमात पडला असं लेखक म्हणत नाही. एफा लिहितो. पुढं तिसऱ्या अध्यायात बवाज रात्री खळ्यावर उपणणी करतो आणि राशीच्या कडेला झोपतो. एवढा मोठा धनी घर सोडून खळ्यावर का झोपला याचं कारण पुस्तकात नाही. मोकळ्यावर पडलेली रास सोडून घरी जाऊन झोप लागते का, हे तूर झोडपून झालेल्या कोणालाही विचारा. आणखी एक शब्द मोजण्यासारखा आहे: ‘मवाबी’. गडी तिला मवाबी म्हणतो, लेखक म्हणतो, बवाज भर पंचांसमोर म्हणतो. सून होऊन दहा वर्षं झाली, सासूसाठी देश सोडला, तरी नावाला गावाचं शेपूट आहेच. पण चौथ्या अध्यायात लग्न लागतं आणि त्यानंतर तो शब्द पुस्तकात पुन्हा येत नाही. फेरफार मंजूर झाला, असं लेखक कुठंच लिहीत नाही. जुनी नोंद फक्त कमी झालेली दिसते.

मग वेशीतला प्रसंग. नामीचा एक जवळचा नातेवाईक येत असतो त्याला बवाज हाक मारतो आणि मग दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो. (त्या नातेवाइकाचं नाव मुद्दाम नंतरसाठी ठेवतोय.) नामीचं वावर सोडवून घ्यायचा पहिला हक्क तुझा, घेतोस का? तो म्हणतो, घेतो. म्हातारी विधवा, वारस नाही, वावर आयतं. कोण नाही म्हणेल? मग बवाज सावकाश दुसरं वाक्य बोलतो: ज्या दिवशी वावर घेशील त्या दिवशी मवाबी रूथही आली, आणि तिला जे पोर होईल त्याच्या नावावर ते वावर जाईल, मेलेल्याचं नाव चालावं म्हणून. गृहस्थ तिथल्या तिथं माघार घेतो. म्हणतो, माझ्या स्वतःच्या वतनाचं नुकसान होईल, तूच घे. म्हणजे यानं सातबाऱ्याचं क्षेत्र बघितलं आणि इतर अधिकारांचा रकाना बघितलाच नाही. मग व्यवहार पक्का करायला तो चप्पल काढून देतो. आपल्याकडंही जमिनीच्या व्यवहारात चप्पल हातात येते, पण सहसा व्यवहार मोडल्यावर. लेखक इथं थांबून खुलासा करतो की पूर्वी इस्राएलात अशी चाल होती. या एका खुलाशातून किती कळतं बघा: ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांनाही ही चाल माहीत राहिली नव्हती, म्हणजे घटना आणि लेखन यांच्यात बराच काळ गेलाय. कुठल्याही टीकाग्रंथाशिवाय, नुसत्या ‘पूर्वी’ या शब्दावर बोट ठेवून.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो श्रद्धेचा. देवाचं वचन म्हणजे काय तलाठी कार्यालयाची नक्कल आहे का, की तपासून घ्यायची? भावानं वाचावं. आक्षेप मनापासूनचा आहे, पण पुस्तकाला तो मान्य दिसत नाही. प्रेषितांची कृत्यं, अध्याय सतरा: बिरुया गावचे लोक पौलाचं भाषण आनंदानं ऐकतात आणि मग रोज शास्त्र उघडून तो सांगतो तसंच आहे का हे तपासतात. एवढा मोठा वक्ता, आणि हे घरी जाऊन ताळा घेतात. लेखक त्यांना उद्धट म्हणत नाही, शेजारच्या गावापेक्षा थोर मनाचे म्हणतो. आणि येशूकडं एक शास्त्री अडचणीचा प्रश्न घेऊन येतो तेव्हा तो उलट दोन प्रश्न विचारतो: शास्त्रात काय लिहिलंय, आणि तू ते कसं वाचतोस? निरीक्षण आणि अर्थ, दोन पावलं दोन प्रश्नांत. ट्रेना यांचं पुस्तक त्यामानानं बरंच जाड आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा: मूळ हिब्रू आणि ग्रीक येत नसेल तर भाषांतराचा असा कीस पाडण्यात काय अर्थ? हा आक्षेप निदान यवतमाळ जिल्ह्यात तरी जपून घ्यावा. ज्या जिल्ह्याचं नाव देशाला कापूस आणि कर्ज या दोनच शब्दांनी माहीत आहे, त्याच्या मुख्य गावी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला बिबवेवाडीत हलेपर्यंत तीस वर्षं तिथं याच भाषांचे धडे चालले. इकडं पऱ्हाटी, तिकडं हिब्रूची धातुरूपं. दोन्ही उजवीकडून सुरू करा की डावीकडून, कंबर सारखीच दुखते. आणि पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर आक्षेपाला दोन्ही बाजूंनी उत्तर देतं. मराठी भाषांतरं उपलब्ध असताना ती पटेनात, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनात सगळं बायबल नव्यानं मराठीत आणलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम मिशनातल्या बायकांनी केलं, आणि पुस्तक १९२४ साली, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी, पूर्ण छापून आलं. मूळ भाषा हवीच, हे त्यांनी करून दाखवलं. पण हा सगळा खटाटोप कशासाठी? तर साध्या बाईला साध्या मराठीत स्वतः वाचता यावं यासाठी. संस्कृतात ज्यांची सभेत परीक्षा झाली त्या बाईंनी सोपं लिहायला आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. आणि आपण म्हणतो, आम्हाला ग्रीक येत नाही म्हणून आम्ही मराठीही नीट वाचत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात दणकट, आणि त्याच्यापुढं मी थोडा नमतो. प्रत्येकानं आपापलं वाचायचं ठरवलं तर जितकी डोकी तितके अर्थ, आणि जितके अर्थ तितक्या मंडळ्या. इतिहास आक्षेपवाल्यांच्या बाजूनं आहे. १५२९ साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन धर्मसुधारक चर्चेला बसले. दोघंही बारीक वाचणारे, दोघांना ग्रीक येत होतं. प्रभुभोजनाच्या वचनातल्या ‘आहे’ या एका क्रियापदावर दोघांचं बिनसलं. ल्यूथरनं खडूनं ते वचन टेबलावरच लिहून ठेवलं आणि शेवटपर्यंत त्यावरून बोट उचललं नाही. चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, पंधराव्यावर फाटलं. मोजणी झाली म्हणून धुऱ्याचं भांडण मिटतंच असं नाही हे ढाणकीत कोणाला सांगावं? पण मोजणीआधीचं भांडण आणि नंतरचं भांडण यात फरक असतो. आधी दोघंही म्हणतात, सगळं वावर माझं. नंतर वाद उरतो तो चार हातांच्या पट्टीचा, आणि ती पट्टी कुठं आहे हे दोघांनाही दाखवता येतं. चौदा मुद्दे म्हणजे काही थोडी जमीन नव्हे. न वाचता भांडणाऱ्यांचं तर एकावरही एकमत होत नाही. ते आधी भांडतात आणि मग आपल्या बाजूचं वचन शोधायला चिठ्ठ्यांची डबी उघडतात.

पद्धतीचे भक्तही कमी विनोदी नसतात हे मान्य केलं पाहिजे. काहींचं बायबल रंगीत पेन्सिलींनी असं रंगतं की धुळवडीला कोणाच्या हाती लागलं होतं का विचारावं: देवाला पिवळा, पापाला तपकिरी, काळवेळेला हिरवा, आणि ‘म्हणून’ या शब्दाला प्रत्येक ठिकाणी जांभळी चौकट. ‘म्हणून’ला चौकट करणं वाईट नाही, तो शब्द दोरी लावलेल्या बैलासारखा असतो, दुसरं टोक कुठल्या खुंटीला आहे ते मागं जाऊन बघावंच लागतं. पण काही लोक चौकटी करण्यातच इतके रमतात की तिसऱ्या पावलाचा, आचरणाचा, मुहूर्त निघत नाही. शेजाऱ्यावर प्रीती कर या वाक्यातले शब्द मोजून होईपर्यंत शेजारी गाव सोडून गेलेला असतो. आणि निव्वळ पुराव्यावरून निष्कर्ष काढतो असं म्हणणाराही आपले डोळे घरी ठेवून येत नाही. सातबारा वाचणाऱ्याला चुलतभावाविषयी आधीपासून संशय असतोच. बारकाईनं वाचलं की तो संशय जातो असं नाही. फक्त कागदावर त्याला आधार आहे की नाही, हे लपवता येत नाही.

सलग वाचनाचं एक उदाहरण मराठीतलंच आहे. नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती रेल्वेत, नागपूरहून राजनांदगावला जाताना, एका अनोळखी साहेबाकडून. ख्रिस्ती व्हायचा विचार नव्हता, पण ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले. मत्तयाचे पाच ते सात, तीनच अध्याय. सुटं वचन नाही, सलग तीन अध्याय. पुढं १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण इथवर आलो असं ते सांगत. टिळकांसारखं तिथवर जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. बिरुयाच्या लोकांपैकीही तपासल्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला, सगळ्यांनी नाही.

राहता राहिलं त्या वेशीतल्या नातेवाइकाचं नाव. रूथचं पुस्तक नावांच्या बाबतीत फार काटेकोर आहे. तीनच वचनांत मरून जाणाऱ्या दोन्ही पोरांची नावं दिलीत, महलोन आणि खिल्योन. जी सून माहेरी परत जाते तिचंही आहे, अर्पा. शेवटी तर पेरेसपासून दावीद राजापर्यंत दहा पिढ्या ओळीनं लावल्यात, आणि तो भाग बहुतेक वाचक टाळतात, जसं सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक परके लोक टाळतात. त्या यादीत बवाज आहे, आणि मवाबी सुनेचं पोर ओबेद आहे. पण आपलं वतन बिघडेल म्हणून ज्यानं माघार घेतली, त्याला बवाज हाक मारतो तेव्हा हिब्रूत शब्द येतात ‘पेलोनी अल्मोनी’, म्हणजे अमका-तमका. बवाजला त्याचं नाव माहीत नसेल हे शक्य नाही. गाव एक, भावकी एक. चौथा अध्याय मागं-पुढं कितीही चाळा. जागा लिहिलीय, व्यवहार लिहिलाय, साक्षीदार दहा आहेत, पायातली चप्पलसुद्धा आहे. नावाचा रकाना तेवढा कोरा.